कुत्र्यानं गोचिडांचं औषध चघळलं, तर?

पिसवा-गोचिडांची औषधं घरात तीन रूपांत येतात. एक गळ्यात बांधायचा पट्टा, दुसरी मानेवर ओतायची छोटी नळी, तिसरी खाऊसारखी चघळायला द्यायची गोळी. ज्यांच्या दारात गुरं आहेत त्यांच्याकडे चौथं रूपही असतं : गोठ्याच्या फळीवरची बाटली. यातलं काहीही कुत्र्याच्या दातांत सापडलं की घरात एकच गोंधळ उडतो. मीठ-पाणी पाजायचं का, दूध द्यायचं का, उलटी करवायची का, की वाट पाहायची?

पशुवैद्यक मात्र फोनवर आधी दुसरंच विचारतात : खोक्यावर काय लिहिलं आहे? उत्तर देणाऱ्याला अनेकदा हा प्रश्न वेळकाढूपणाचा वाटतो. प्रत्यक्षात पुढचं सगळं त्यावरच ठरतं. दोन पट्टे दिसायला अगदी सारखे असतात, पण एक चघळल्यावर फार तर पोट बिघडतं आणि दुसऱ्यानं तासाभरात हृदयाचे ठोके मंदावतात. दोन बाटल्यांना सारखाच उग्र वास येतो, पण एकीच्या विषबाधेत जे इंजेक्शन जीव वाचवतं, तेच दुसरीच्या विषबाधेत घातक ठरू शकतं. गेल्या काही दशकांत या विषयावर बरंच संशोधन झालं. काही गोष्टींवर एकमत झालं, काही वाद अजून मिटलेले नाहीत. त्या सगळ्याचा हा आढावा.

पट्ट्यापासून गोळीपर्यंत

कीटकनाशक भरलेले प्लॅस्टिकचे पट्टे १९६०च्या दशकात पाश्चात्त्य बाजारात आले. सुरुवातीच्या पट्ट्यांत डायक्लोरव्हॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट रसायनं असत. शेतातल्या फवारणीतलंच हे कुळ. ही औषधं कीटकाची आणि प्राण्याची मज्जासंस्था जवळपास एकाच पद्धतीनं बिघडवतात, म्हणून पिसू मारणारी मात्रा आणि कुत्र्याला त्रास देणारी मात्रा यांत अंतर कमी. पुढे कार्बामेट कुळातला प्रोपोक्सर आला. पट्टा बांधलेल्या कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलांच्या हाता-तोंडात तो जातो, या चिंतेपायी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं (ईपीए) २०१४ साली उत्पादकांशी करार करून प्रोपोक्सरचे पट्टे मागे घ्यायला लावले.

खरा बदल १९९०च्या दशकात झाला. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही दोन रसायनं कीटकांच्या मज्जातंतूंना सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतात. त्यामुळे मानेवर चार थेंब ओतायचं औषध बऱ्यापैकी निर्धोक झालं. फ्रंटलाइन आणि अ‍ॅडव्हांटेज ही नावं याच दशकातली. २०१३-१४मध्ये तिसरी पिढी आली, आयसोक्झॅझोलीन कुळातल्या चघळायच्या गोळ्यांची. आधी अफोक्सोलानेर म्हणजे नेक्सगार्ड, मग फ्लुरालानेर म्हणजे ब्राव्हेक्टो, पुढे सॅरोलानेर आणि लोटिलानेर. पट्ट्यांच्या बाजारात सेरेस्टो २०१२ साली अमेरिकेत दाखल झाला. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला हा पट्टा आठ महिने चालतो.

भारतात या औषधांची गरज पिसवांपेक्षा गोचिडांमुळे जास्त पडते. आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरातल्या भिंतींच्या फटींत वाढतो आणि एर्लिकिया, बबेसिया यांसारखे रोग पसरवतो. पुण्या-मुंबईत कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही ‘टिक फिव्हर’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही : ताप, घसरलेल्या प्लेटलेट्स, नाकातून रक्त. त्यामुळे ‘विषारी आहेत तर औषधं वापरूच नका’ हा सल्ला इथे टिकत नाही. औषधं घरात राहणारच. प्रश्न ती चघळली गेल्यावरचा आहे.

कशात काय आहे

काळजीचा क्रम लावायचा तर अमिट्राझ वर येतं. परदेशात ते ९ टक्के अमिट्राझ असलेल्या पट्ट्यांतून विकलं गेलं. तसा २७.५ ग्रॅमचा पट्टा घेतला तर त्यात सुमारे अडीच ग्रॅम औषध असतं. आपल्याकडे अमिट्राझची ओळख मुख्यतः १२.५ टक्क्यांच्या बाटलीतून आहे. गुरांच्या गोचिडांसाठी ती आणली जाते आणि पाण्यात मिसळून कुत्र्यालाही लावली जाते. कुत्र्याच्या खरजेवर अमिट्राझचं जे द्रावण वापरत, त्याची तीव्रता ०.०२५ टक्के, म्हणजे बाटलीतल्या औषधाच्या पाचशेव्या भागाइतकी. बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम अमिट्राझ असतं. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्यानं बाटली फोडून चमचाभर, पाच मिलिलिटर, पोटात घातलं तर ६२५ मिलिग्रॅम झालं. किलोमागे चाळीसच्या वर. ही मात्रा गंभीर आहे, सकाळपर्यंत थांबण्याजोगी नाही.

अमिट्राझ शरीरातल्या अल्फा-२ या ग्राहींना चेतवतं. कुत्रा आधी सुस्त होतो, चालताना झोकांड्या खातो, ओकतो. बाहुल्या बहुधा विस्फारतात, ठोके मंदावतात, अंग गार पडतं, आतड्याची हालचाल थांबते. रक्तातली साखर वाढते, कारण हीच ग्राही इन्सुलिन अडवतात. म्हणून अनुभवी डॉक्टर तपासणीच्या टेबलावर थर्मामीटर आणि स्टेथोस्कोपबरोबर ग्लुकोमीटरही घेतात. गार अंग, मंद ठोके आणि चढलेली साखर एकत्र दिसली की नाव कळायच्या आधीच संशय बळावतो. यावर योहिम्बिन किंवा अ‍ॅटिपामेझोल हे उतारे आहेत. दोन्ही त्याच ग्राहींवर उलट काम करतात. पट्ट्याचे तुकडे पोटात असतील तर औषध झिरपतच राहतं, त्यामुळे उताऱ्याचा परिणाम ओसरला की लक्षणं परत येऊ शकतात. तुकडे बाहेर काढावे लागतात, कधी उलटी करवून, कधी दुर्बिणीनं.

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटची विषबाधा वरवर अशीच दिसते, कारण तिच्यातही ओकारी, अशक्तपणा आणि मंद ठोके असतात. पण यात तोंडाला लाळेच्या धारा लागतात, डोळे पाणावतात, लघवी-शी आवरत नाही, स्नायू थरथरतात आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. इथे ॲट्रोपिन हा मुख्य उतारा, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर जोडीला प्रॅलिडॉक्झिम. हेच ॲट्रोपिन अमिट्राझच्या रुग्णाला मंद ठोके पाहून दिलं, तर रक्तदाब भडकू शकतो आणि आधीच थांबलेलं आतडं आणखी थंडावतं. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतलं औषध पोटात गेलं असेल, तर डॉक्टरला या दोहोंतला फरक केवळ बाहुल्या, लाळ आणि साखर पाहून करावा लागतो. खोकं सोबत आणा, असा आग्रह धरण्याचं हेच कारण.

पायरेथ्रॉइड, म्हणजे परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिन. कुत्रा हे कुळ बऱ्यापैकी सोसतो. थोडं पोटात गेलं तर लाळ, ओकारी, कान-पाय झटकणं, एवढ्यावर निभावतं. जास्त गेलं तर थरथर आणि झटके येतात. मांजराची गोष्ट पूर्ण वेगळी. परमेथ्रिन निकामी करणारी यकृताची वाट मांजरात तोकडी असल्यानं कुत्र्यासाठीच्या ४५-५० टक्के परमेथ्रिनच्या नळीतले काही थेंबही मांजराचा जीव घेऊ शकतात. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्यानं नळी चावल्यावर सांडलेलं औषध मांजरानं चाटलं का, हेही पाहायलाच हवं.

इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल बहुतेक वेळा सौम्य निघतात. इमिडाक्लोप्रिड इतकं कडू असतं की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो आणि घरचे घाबरतात. तो फेस चवीचा असतो. फिप्रोनिलबाबत मात्र लहान कुत्र्यांचा हिशेब करावा लागतो. चाळीस ते साठ किलोच्या कुत्र्यासाठीच्या नळीत ४०२ मिलिग्रॅम फिप्रोनिल असतं. घरात डॉबरमन आणि पाच किलोचा पोमेरेनियन असे दोघे असले आणि पोमनं ती अख्खी नळी गिळली, तर किलोमागे ऐंशी मिलिग्रॅम होतात. उंदरांवरच्या प्रयोगात निम्मे प्राणी दगावण्याची तोंडावाटेची मात्रा किलोला ९७ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. उंदीर आणि कुत्रा सारखे नाहीत, तरी इतकी जवळीक दिसल्यावर घरी बसून राहू नये.

मॉक्सिडेक्टिनचा उल्लेख वेगळा करायला हवा. इमिडाक्लोप्रिडबरोबर ते मानेवर ओतायच्या अ‍ॅडव्होकेटमध्ये असतं. कॉली आणि तिच्या नात्यातल्या काही मेंढपाळी जातींत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असतो. तो २००१ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात उलगडला. असा दोष असलेल्या कुत्र्यांत औषध मेंदूपर्यंत पोहोचतं. म्हणून हे औषध कॉलीच्या तोंडात जाऊ देऊ नये, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकातच असते. पायरिप्रॉक्सिफेन, मेथोप्रिन यांसारखी अंडी-अळ्या रोखणारी औषधं सोबत असली तरी त्यांची धास्ती बाळगायचं कारण नाही.

उरल्या गोळ्या. त्या मांसाच्या चवीच्या, त्यामुळे खोकं हाती लागलं तर कुत्रा एकीवर थांबत नाही. दहा किलोच्या कुत्र्यानं पंचवीस-पन्नास किलोच्या कुत्र्यासाठीच्या नेक्सगार्डच्या तीन गोळ्या संपवल्या तर ४०८ मिलिग्रॅम, किलोमागे सुमारे ४१ मिलिग्रॅम अफोक्सोलानेर झालं. या औषधाची सुरक्षितता पिल्लांवर किलोमागे साधारण ३१.५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या कमाल मात्रेच्या पाचपटीपर्यंत तपासलेली आहे. त्या मर्यादेपलीकडे नेमकं काय होतं याचा अंदाज बांधावा लागतो. एक गोळी जास्त गेली तर बहुधा ओकारी-जुलाबावर भागतं. अख्खं खोकं गेलं तर डॉक्टर.

पहिल्या अर्ध्या तासाबद्दल वाद नाही

पट्टा असो वा नळी, काही पावलांबद्दल जगभरच्या पशुवैद्यकांत मतभेद नाहीत. तोंडात काही अडकलेलं असेल आणि कुत्रा चावणार नसेल तर ते काढायचं, हातात मोजे घालून. गळ्यात पट्टा असेल तर तो सोडायचा. तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, पिण्याचं पाणी ठेवायचं. अंगावर औषध सांडलं असेल तर भांड्यांच्या सौम्य साबणानं कोमट पाण्यात धुऊन अंग लगेच कोरडं करायचं, विशेषतः अमिट्राझचा संशय असेल तर, कारण कुत्रा आधीच गार पडत असतो.

पट्टा चघळला असेल तर उरलेले तुकडे जमिनीवर मांडून मूळ लांबीशी ताडून पाहायचे. हे किरकोळ वाटतं, पण किती पोटात गेलं हे कळायचा दुसरा खात्रीचा मार्ग घरात नसतो. बक्कल गायब असेल तर तेही सांगायचं. अनेक पट्ट्यांत विषापेक्षा मोठा धोका प्लॅस्टिकचा असतो. लांब तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती लक्षणं दोन-तीन दिवसांनीही सुरू होऊ शकतात. कुत्रा खात नाही, वारंवार ओकतो, शी होत नाही, असं दिसलं तर ‘विष तर उतरलं’ म्हणून गप्प बसू नये.

मग फोन. डॉक्टरला पाच गोष्टी हव्या असतात : औषधाचं नाव आणि टक्केवारी, किती गेलं, किती वेळ झाला, कुत्र्याचं वजन, आणि आत्ता तो कसा दिसतोय. खोक्याचा फोटो आधीच पाठवला तर बोलणं निम्मं होतं. थरथर, झटके, तोल जाणं, न उठणारी सुस्ती किंवा धाप यांतलं काही असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना.

उलटी करवावी का?

मतभेद इथून सुरू होतात.

घरी उलटी करवण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा वेळेचा आहे. पोटातलं बाहेर काढण्याचा फायदा साधारण पहिल्या एक-दोन तासांत मिळतो. दवाखाना दूर असेल तर तो वेळ रस्त्यातच जातो. अमेरिकेत प्राण्यांसाठीची विषबाधा-केंद्रं अनेकदा फोनवर मालकाला ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ठरावीक मात्रेत द्यायला सांगतात. किलोला एक ते दोन मिलिलिटर, आणि कुत्रा कितीही मोठा असला तरी ४५ मिलिलिटरच्या आत. फोनवरच्या तज्ज्ञानं औषध, मात्रा आणि कुत्र्याची अवस्था ऐकून हो म्हटलं तरच, ही अट महत्त्वाची.

विरोधकांकडेही वजनदार पुरावा आहे. पेरॉक्साइड जठराच्या अस्तराला भाजतं म्हणूनच ओकारी होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी कुत्र्यांना ते देऊन दुर्बिणीनं जठर पाहिलं गेलं. अस्तराला इजा झालेली दिसली आणि ती पूर्ण भरायला जवळपास दोन आठवडे लागले. युरोपातल्या अनेक पशुवैद्यकांचा कल म्हणूनच घरी काहीही न करता दवाखान्यात आणण्याकडे आहे. तिथे अ‍ॅपोमॉर्फिनचं इंजेक्शन असतं. २०२०मध्ये अमेरिकेत रोपिनिरोलचे डोळ्यांत घालायचे थेंबही या कामासाठी मंजूर झाले. इंजेक्शन किंवा थेंब, दोन्हींमुळे काही मिनिटांत उलटी होते आणि गरज पडल्यास थांबवताही येते.

वाद कुणीही जिंकला तरी काही वेळा उलटी करवायची नाही, यावर दोन्ही बाजू एक आहेत. कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर उलटी फुप्फुसात जाते. गुरांच्या गोचिडांची अनेक औषधं तेलकट द्रावकात असतात. ती वर येताना फुप्फुसात गेली तर न्यूमोनियाचा धोका विषाइतकाच मोठा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तो आणखी जास्त. २००३च्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर महाराष्ट्रातल्या घराघरांत पग आले. त्यांच्या मालकांनी ही गोष्ट खास लक्षात ठेवायला हवी.

मिठाबद्दल तर वादच नाही. आपल्याकडे मीठ-पाणी पाजून ओकवण्याची पद्धत घरोघरी आहे आणि ती कुत्र्यावरही सर्रास वापरली जाते. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं, सोडियम झपाट्यानं वाढतं, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. चघळलेल्या पट्ट्यानं जे झालं नसतं, ते मिठानं होऊ शकतं. घशात बोट घालणं, मोहरीचं पाणी पाजणं हेही टाळायचं.

दूध, तूप आणि कोळसा

‘विषावर दूध’ हा समज जुना आणि मायेपोटी आलेला आहे. त्यात एक तथ्य आहे : इमिडाक्लोप्रिडसारख्या कडू औषधानं फेस आला असेल तर थोडं दूध किंवा ओला खाऊ तोंडाची चव घालवतो, आणि परदेशी केंद्रंही तो सल्ला देतात. पण पायरेथ्रॉइड किंवा आयसोक्झॅझोलीन कुळातली औषधं चरबीत विरघळतात. पोटात तूप-साय असेल तर ती जास्त शोषली जाऊ शकतात. म्हणजे एकाच घरगुती उपायाचं उत्तर खोक्यानुसार बदलतं. तूप पाजायचं नाही, हे मात्र कायम.

ॲक्टिव्हेटेड चारकोलचा वापर पूर्वी जवळपास आपोआप होत असे. आता डॉक्टर हात आखडता घेतात. अमिट्राझचे तुकडे पोटात असतील तर तो उपयोगी मानला जातो, पण गुंगीतल्या कुत्र्याला पाजताना तो फुप्फुसात जाऊ शकतो, आणि सॉर्बिटॉल मिसळलेला असेल तर शरीरातलं पाणी ओढून सोडियम वाढवतो. मॉक्सिडेक्टिनसारख्या विषबाधेत शिरेतून चरबीचं द्रावण देण्याचा उपचार अलीकडे वापरात आला. त्याच्या बाजूचा पुरावा अजून बहुतेक सुट्या रुग्णांच्या नोंदींचा आहे. घरी कोळसा पाजण्याचा प्रश्न त्यामुळे येतच नाही. हे काम दवाखान्याचं.

पट्टे आणि गोळ्या मुळात सुरक्षित आहेत का?

चघळण्याचा प्रश्न या मोठ्या प्रश्नात मिसळला आणि गोंधळ वाढला. २०२१च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ‘यूएसए टुडे’नं बातमी दिली की सेरेस्टोशी जोडलेल्या पंचाहत्तर हजारांवर तक्रारी ईपीएकडे आल्या आहेत आणि त्यांत जवळपास सतराशे प्राण्यांच्या मृत्यूंचा समावेश आहे. जून २०२२मध्ये राजा कृष्णमूर्ती यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं पट्टा स्वतःहून मागे घ्यावा असं सांगितलं. उत्पादक एलँको कंपनीनं नकार दिला. विकलेल्या पट्ट्यांची संख्या कोट्यवधींत आहे आणि तक्रार म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, असं तिचं म्हणणं होतं.

२०२३मध्ये ईपीएनं आपला आढावा पूर्ण केला. मृत्यूच्या बऱ्याच नोंदींत माहितीच अपुरी होती. ज्यांत पट्ट्याचा संबंध संभवनीय वाटला, त्यांत औषधापेक्षा पट्टा वेळेवर न सुटल्यानं गळा आवळला जाणं किंवा इजा होणं, असं यांत्रिक कारण पुढे आलं. परवानगी चालू राहिली, पण पाच वर्षांपुरती, आणि वेष्टनावर ठळक इशारे, तक्रारींचा तपशीलवार हिशेब अशा अटींवर. चघळण्याच्या बाबतीत या पट्ट्याचं युरोपातलं माहितीपत्रक सांगतं की पट्टा खाल्ल्यास पातळ शीसारखी सौम्य लक्षणं दिसू शकतात. बनावट पट्ट्यांना अर्थात ही हमी लागू नाही. त्यांत काय भरलं आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

गोळ्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१८मध्ये इशारा दिला : आयसोक्झॅझोलीन कुळातल्या औषधांनी काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं आणि झटके दिसले आहेत. औषधं बाजारात राहिली, माहितीपत्रकात मजकूर वाढला. सॅरोलानेरच्या चाचणीत कमाल मात्रेच्या पाचपट दिलेल्या लहान पिल्लांना झटके आलेले होते. दुसरीकडे ब्राव्हेक्टो पाचपट मात्रेत दिल्यावर तसं दिसलं नव्हतं. एका कुळातली औषधंही सारखी नसतात. यांतली बहुतेक औषधं रक्तात निम्मी व्हायलाच साधारण दोन आठवडे घेतात, त्यामुळे जास्त खाल्लेल्या कुत्र्यावर एक रात्र नजर ठेवून भागत नाही. आधी कधी झटके आलेल्या कुत्र्यांना ही गोळी द्यावी की नाही, यावर डॉक्टरांत आजही दोन मतं आहेत. काही ती पूर्ण टाळतात, काही टिक फिव्हरचा धोका जास्त मोठा मानतात.

आपल्याकडे काय अडतं

अमेरिकेत एएसपीसीए या संस्थेचं प्राण्यांसाठीचं विषबाधा-केंद्र चोवीस तास चालतं. त्याची सुरुवात १९७८ साली इलिनॉय विद्यापीठात झाली. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांसाठीची अशी सेवा १९९२पासून आहे. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५पासून आहे, पण ते माणसांसाठी. प्राण्यांसाठी सर्वांच्या तोंडी असलेला असा क्रमांक आपल्याकडे रुजलेला नाही. राज्य सरकारच्या १९६२ क्रमांकावरून येणाऱ्या फिरत्या पथकांची रचना मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, २०२४पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे. पुण्यातही रात्री उघडे दवाखाने मिळतात. तालुक्याच्या गावी रात्री अकराला अमिट्राझचा रुग्ण आला तर परिस्थिती वेगळी असते.

त्याहून जिव्हाळ्याचा मुद्दा सुट्या विक्रीचा. गोचिडांचं औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. नाव नाही, टक्केवारी नाही. अशा बाटलीनं विषबाधा झाली की ॲट्रोपिन की योहिम्बिन हा निर्णय डॉक्टरला अंदाजानं घ्यावा लागतो, आणि कुत्रा वाचणं-न वाचणं त्या अंदाजावर लटकतं. लहान मुलांच्या दृष्टीनं ही सवय किती धोक्याची आहे, हे वेगळं सांगायला नको. घरी उलटी करवावी की नाही, चारकोल द्यावा की नाही, हे वाद तज्ज्ञ यथावकाश मिटवतील. सुटी बाटली नाकारणं मात्र आजच्या आज, कुणालाही जमण्यासारखं आहे.

तेव्हा घरात कुत्रा असेल तर आत्ताच तीन कामं करून टाकावीत. पट्टा, नळी, गोळी, बाटली, जे काही असेल त्याच्या वेष्टनावरच्या घटकांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवावा. आपल्या पशुवैद्यकांना विचारून, ते नसतील तेव्हा रात्री कुठे जायचं तो पत्ता आणि क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालावा. आणि औषधं कुत्र्याच्या खाऊच्या कपाटातून काढून, माणसांच्या औषधांसारखी, वरच्या फळीवर बंद डब्यात हलवावीत.